सात किलोंची जागा

पॅसिफिकमधल्या तोंगाच्या विमानतळावर सिडनीला निघालेल्या लुपेची बॅग काट्यावर सोळा किलो भरली, आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "तुम्हाला अजून सात किलो चालतील."

मागे एक उंच, ओशाळलेला तरुण सुतळीनं बांधलेलं खोकं घेऊन उभा होता. नाव सेमिसी. आईनं सिडनीच्या मावशीला पाठवलंय, माझी बॅग भरलीय, एवढं घ्याल का... असं म्हणून तो इतकं गोड हसला, की आत काय आहे हे विचारायचंही तिला सुचलं नाही. तशी तोंगात कुणाच्या सामानाला नाही म्हणायची पद्धतच नाही. बॅगेत जागा उरली की ती गावाची.

विमानात, ऑस्ट्रेलियात उतरण्याआधी भरायचं कार्ड तिच्या हातात पडलं. अन्न, झाडं, माती... काही आणलंय का? खोटं लिहिलं तर व्हिसा रद्द, पुढच्या विमानानं घरी. दोनदा नाकारलेला तो व्हिसा! पहिलाच परदेश, तीन आठवड्यांची रजा, तिथल्या डोंगरातला बर्फ बघण्यासाठी चुलतबहिणीकडून मागून आणलेला कोट. ती तडक मागच्या रांगेत गेली.

"काय आहे त्या खोक्यात?"

"आईनं बांधलंय..." तो मान खाजवत म्हणाला. "मी नाही विचारलं."

"मग मी काय लिहू – तुमचं हसणं?"

"'हो' लिहा. खरं लिहिलं की फार तर थांबवून ठेवतात."

तिनं 'हो' लिहिलं. सिडनीत तपासणीच्या टेबलापाशी अधिकारी बाईंनी विचारलं, हे खोकं कुणाचं? दुसऱ्याचं, असं तिनं सांगितलं. बाईंनी तिचा पासपोर्ट उचलला आणि आत निघून गेल्या. लुपेनं वळून पाहिलं. पलीकडच्या रांगेतून सेमिसी बाहेरच्या दाराकडे चालला होता... ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

बाई परतल्या तेव्हा मागून धापा ऐकू आल्या.

"खोकं माझं आहे," सेमिसी म्हणाला. "काय विचारायचं ते मला विचारा."

खोक्यातल्या चटईच्या घडीत मातीसकट दोन कोनफळं निघाली. ती कचऱ्यात गेली, सेमिसीचं नाव लिहून घेतलं गेलं आणि बाईंनी दोघांनाही चांगलंच झापलं. पण कार्डावर 'हो' होतं, म्हणून पासपोर्ट परत मिळाला.

बाहेर बाकावर बसून लुपेनं पासपोर्ट दोनदा उघडून पाहिला.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "माझी बॅग भरलेली नव्हती. चांगली आठ किलोंची जागा होती..."

तिला संताप आला. मग त्याचा पडलेला चेहरा बघून तो टिकेना.

"मघाशी तू दाराकडे निघालास ना," ती म्हणाली, "तेव्हा मी व्हिसा विसरूनच गेले होते."

"मग एवढी कशाला घाबरलीस?"

"तू गेलास, असं वाटलं."