उजव्या कप्प्यातली धडधड

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण माझी मावशी राईचा पर्वत करणारी नाही, आणि हे तिच्या डोळ्यांदेखत घडलंय.

मावशी एका मोठ्या इस्पितळात हृदयाची सोनोग्राफी करायची. बुधवार होता. भर दुपारचे अडीच. तळमजल्यावरची खोली, पडदे ओढलेले.

टेबलावर एक कंत्राटदार. रेड्यासारखा माणूस. दुसऱ्या दिवशी त्याच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन. उजवा कप्पा तो ताण सोसेल का, एवढंच मावशीने सांगायचं होतं.

त्याची बायको दाराशी उभी. गळ्यावर निळे वळ... मावशीची नजर जाताच तिने स्कार्फ वर ओढला.

कप्पा झकास चालत होता. प्रत्येक ठोक्याला बावीस मिलीमीटर हलत होता. सतरा असले तरी भागतं.

मग मशीनच्या स्पीकरमधून आवाज आला.

धप्... धप्... धप्...

रक्ताचा आवाज सळसळता असतो. हा तसा नव्हता. नाडीशी जुळतही नव्हता.

आतून कोणी दार बडवावं, तसा.

कंत्राटदार पांढराफटक पडला.

"बंद कर ते!"

"काका, हलू नका."

"तिला सांग, मी दार उघडणार नाही!"

आणि त्याने मावशीचा गळाच धरला. बाहेरचे दोघं-तिघं धावले म्हणून ती वाचली.

मग तिने रिपोर्ट लिहिला. उजवा कप्पा उत्तम. त्या आवाजाचं काय लिहिणार?

गुरुवारी ऑपरेशन सुरळीत पार पडलं. दुपारी बाराला अतिदक्षता विभागातून फोन आला. कंत्राटदाराचं ब्लडप्रेशर कोसळलं होतं. मावशी मशीन घेऊन धावली.

"उजवी बाजू बघा, लवकर!" सर्जन ओरडले.

मावशीने मशीनचा प्रोब त्याच्या छातीवर टेकवला. उजवा कप्पा फुगून डाव्यावर चढला होता. हालचाल जेमतेम पाच.

"गुठळी आहे?"

"नाही सर. पाणीही साचलेलं नाही."

आणि मग...

कप्प्याची भिंत आत दबली. एका जागी. मग तिच्या शेजारी.

पाच खड्डे. बोटं रुतावीत तसे.

"सर, कोणीतरी दाबतंय!"

"शुद्धीवर आहात ना?"

सर्जननी तिथेच खाटेवर टाके कापले, छातीचं हाड बांधलेल्या तारा तोडल्या. रक्ताची चिळकांडी मावशीच्या चष्म्यावर उडाली. त्यांनी आत हात घातला...

आणि किंचाळले.

"सोड! हात सोड माझा!"

कट्... कट्...

हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यांनी हात ओढून काढला, तेव्हा दोन बोटं उलटी लोंबत होती.

कंत्राटदाराचं हृदय पिळलेल्या फडक्यासारखं झालं होतं.

सर्जनना एक्स-रेला नेलं. कंत्राटदार गेल्याचं त्याच्या बायकोला सांगायला मावशीच बाहेर गेली.

ती रडली नाही.

"पहिलीला त्याने कोंडून मारलं," ती म्हणाली. "तीन दिवस दार बडवत होती. शेजाऱ्यांना सांगायचा, वेडी आहे."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मलाही तो त्याच खोलीत कोंडायचा ना..." ती थांबली. "तिनेच सांगितलं."

ती अजून त्याच घरात राहते. वर्षाने मावशी तिला भेटायला गेली होती. "एकटीला भीती नाही वाटत?" तिने विचारलं.

"एकटी कुठे?" असं म्हणून ती हसली आणि चहा ओतू लागली.

तीन कपांत.

मावशी चपला न घालताच रस्त्यावर आली. तिथे तिने आणखी काय पाहिलं, ते ती मला आजही सांगत नाही. मीही विचारत नाही.