ब्रुनोला चालेल असं झाड

"मनीप्लांट?"

"नाही. कुत्र्यानं चावलं तर तोंडाची आग होते त्याच्या. लाळ गळते."

"कोरफड?"

"नाही. उलट्या."

"मग चालणारं काय आहे तुमच्या नर्सरीत?"

"मी आहे ना, मॅडम. मले चावला तरी कुत्र्याले काही होत नाही."

आणि वळला. हातातल्या पाइपासकट.

पाऊस नव्हता. वाडीतला डिसेंबर होता, ट्रकांच्या धुळीचा. तरी मी चिंब.

तो चेतन. मी धनश्री, पलीकडच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसते.

पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. शेवंती? नाही. स्नेक प्लांट? नाही. जेड? नाही. प्रत्येक 'नाही' म्हणजे अजून एक शनिवार… मला कळत होतं. त्यालाही. चालणारी झाडं तो हळूहळू मागे, हिरव्या नेटखाली सरकवू लागला होता.

"तुमचा ब्रुनो लय खोडकर दिसते," एकदा म्हणाला. "आणा ना त्याले इकडे."

"तो पुण्याले असते."

"कोणाकडे?"

मी कुंडीतली माती उगाच दाबत राहिले.

"माझं लग्न ठरलं आहे… त्यांच्याकडे."

पाइप वाहत राहिला. तुळशीची कुंडी भरली, ओसंडली, माती वाहून गेली.

रोहितनं फोनवर एकच मागितलं होतं — येताना एखादं झाड आण, ब्रुनोला चालेल असं. चांगला आहे रोहित. वाईट असता तर…

शेवटचा शनिवार. मीच नेटखाली वाकले आणि ओढून काढला. अरेका पाम.

"हे?"

त्यानं पाइप खाली ठेवला.

"चेतन, नाही म्हणा. एकदाच. मी आजच घरी सांगते. पत्रिका वाटल्या तरी सांगते."

"झाडाचंच विचारून राहिल्या ना…?"

"नाही."

रस्त्यावरून ट्रक गेला. मग दुसरा. पानाचं टोक त्यानं दोन बोटांत धरलं — सोडलं.

"काल तुझे बाबा आले होते वं." पहिल्यांदाच 'वं'. पहिल्यांदाच 'तुझे'. "मांडवासाठी कुंड्या सांगून गेले. 'तुमच्या पसंतीच्या लावा,' म्हणे. चहा पाजला मले. पोरगी लय खुश आहे म्हणत होते."

"मग तुम्ही काय म्हटलं?"

"हो म्हटलं."

त्यानं कुंडीला सुतळी बांधली. गाठ सुटली. पुन्हा बांधली.

"चालते," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता. "कुत्र्याले काही होत नाही."

लग्नाच्या दिवशी कुंड्या वेळेवर आल्या. टेम्पोसोबत तो नव्हता.

फाटकापासून स्टेजपर्यंत, दोन्ही बाजूंनी — मनीप्लांट. शेवंती. कोरफड. स्नेक प्लांट. जेड. पुन्हा शेवंती. एकही चालणारं नाही.

लोक म्हणाले, काय सुंदर सजावट! माझ्या हातात हार होता. मी त्या कुंड्यांमधून चालत गेले.

पुणे. बाल्कनी. ब्रुनो पामचं पान कुरतडतोय. रोहित घाबरून धावत येतो.

"अगं, ह्याला काही होणार नाही ना?"

"नाही."

किती सहज म्हणता येतं.