एका गाण्यापुरतं

माझा दोस्त रादिवोय, त्याच्याशी माझं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. त्याने स्वतःच्या हाताने बांधलेला, तबकडीचा बारीक आवाज उचलणारा, काचेच्या व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प आणि हौसेने आणलेला, स्पीकर वाजवणारा दांडगा पॉवर अ‍ॅम्प यांचं काही केल्या जमत नव्हतं. प्रीअ‍ॅम्प नाजूक, पॉवर अ‍ॅम्पची ओढ फार. अशी जोडी लावली की वरचे सूर पोचतात आणि खालचे वाटेतच गळतात. दोघांच्या मध्ये एक छोटं सर्किट टाकलं की काम भागतं. पण रादिवोय म्हणायचा, "माझ्या पोराला कुबडी नको." हट्टी माणूस. पांचेवो गावातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात बसून, माझीच कॉफी पिऊन मलाच शिकवायचा. तो गेला तोवर त्याची गाणी तशीच पातळ वाजत राहिली. त्याच्याशी भांडायला मिळत नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

त्याच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या प्रार्थनेच्या आदल्या दिवशी, दुपारी, यागोदावहिनींनी मला बोलावलं. दारावर त्याच्या निधनाच्या सूचनेचा, फोटो असलेला काळ्या चौकटीतला कागद अजून चिकटलेला होता, उन्हाने पिवळा पडलेला. आत दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला न्यायचे गहू शिजत होते. वर्षभर त्या घरात गाणं वाजलं नव्हतं. दुखवट्याच्या घरात कोण वाजवतं?

"भावजी, ती कुबडी लावून टाका," वहिनी म्हणाल्या. "तो नको म्हणायचा, पण आता मी सांगते."

"आता तो भांडायला येणार नाही म्हणून?"

"आला तर बरंच होईल की."

खोलीच्या मधोमध, दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, एकच खुर्ची होती. मला वाटायचं ती त्याची. वहिनींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण बसल्या नाहीत.

"ही त्याने माझ्यासाठी ठेवली होती. स्वतः तिकडे कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसायचा. रोज जेवण झालं की हाक मारायचा, यागोदा, एका गाण्यापुरतं बस. आणि मी आतून म्हणायची, थांब जरा, हात ओले आहेत." "एकदाही बसले नाही हो. उद्या स्मशानातून आलं की दुखवटा संपतो. उद्या बसायचंय. त्याला ऐकवायचं होतं तसं, पूर्ण."

मी सगळं चालू केलं. तबकडी लावली नाही. उद्यापर्यंत लावायची नव्हतीच, आणि यंत्राची गुणगुण तपासायला शांतताच लागते. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले. स्पीकरांतून किंचित सळसळ आली, आणि मग कपात चमचा फिरल्यासारखं किणकिणलं.

मला नवल वाटलं नाही. जुने व्हॉल्व्ह खोलीतला आवाज पकडतात. मी म्हटलं, "वहिनी, कॉफी ढवळू नका जरा."

त्या माझ्या मागेच उभ्या होत्या. हात रिकामे.

मी तबकडीच्या यंत्राची वायर काढली. किणकिण थांबली नाही. व्हॉल्व्ह बदलले, तरी तेच. मध्येच कोणीतरी दातांतून हवा सोडल्यासारखं 'स्स' व्हायचं, विरायचं, पुन्हा व्हायचं. कुठलंतरी रेडिओ स्टेशन घुसत असेल, असं मी ठरवून टाकलं.

"वर्षभर असंच आहे," वहिनी म्हणाल्या. "गाणं लावायचं नसतं, पण संध्याकाळी या यंत्राचे दिवे तर लावते मी. तेवढीच सोबत. मग हे सुरू होतं."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही दुरुस्त केलं असतंत."

मी यंत्र बंद केलं. सर्किट मध्ये जोडलं आणि पुन्हा सगळं चालू केलं.

जोडी जमली. ते लगेच कळतं. खोलीला जमीन आल्यासारखं वाटतं. सळसळीखाली आता एक दुसरी खोली ऐकू येत होती. जड दार लोटल्याचा आवाज. कप बशीत टेकल्याचा. वेताची खुर्ची करकरली. मी कोपऱ्याकडे पाहिलं. तिथली खुर्ची रिकामी होती.

कोणीतरी घसा साफ केला.

"यागोदा, एका गाण्यापुरतं बस."

इतके दिवस त्यातला 'स'च तेवढा पोचत होता.

वहिनी आत गेल्या. गॅस बंद केला. एप्रन काढला. टॉवेलने एकेक बोट कोरडं केलं, अंगठीखालीसुद्धा. मग येऊन मधल्या खुर्चीत बसल्या, पाय जुळवून, हात मांडीवर.

"बसले रे," त्या म्हणाल्या. "बसले बघ."

स्पीकर गप्प होते. मी स्विचकडे हात नेला. त्यांनी 'नको' अशी मान हलवली.

मग लांबून, भांड्यांच्या आवाजामागून, एका बाईचा आवाज आला. तरुण, घाईतला.

"थांब जरा, हात ओले आहेत."

वहिनींचे ओठ मिटलेले होते.

"बरं," रादिवोय म्हणाला. चिडून नव्हे. रोजच्यासारखं.

"मी इथे आहे, रादे," वहिनी म्हणाल्या. "ती नाही, मी. इकडे."

वेताची खुर्ची करकरली. चमचा कपात फिरू लागला. ते सर्किट मी जोडायलाच नको होतं. किणकिण आणि 'स्स' एवढ्यावर वहिनींनी उरलेल्या संध्याकाळी काढल्या असत्या, आणि ते किती बरं होतं.

"यागोदा, एका गाण्यापुरतं बस."

"बसलेय रे," वहिनी पुटपुटल्या, आणि माझ्याकडे न बघता मांडीवरचे हात उचलून दाखवले.

बोटांच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं. काळा स्कर्ट गुडघ्यापर्यंत भिजला होता.