नावानं हाक

निघण्याआधी पुनमनं डबा, पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या दोन-दोनदा तपासल्या. शाळेच्या सहली काढून काढून लागलेली सवय. ती वसमतच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची, आणि आधी सोय मग हौस, असा तिचा खाक्या होता. तिच्या नवऱ्याचं, विजयकुमारचं, सगळं उलटं. साखर कारखान्यातली नोकरी, त्यात गाळप सुरू असल्यामुळं कित्येक आठवड्यांत सुट्टी नव्हती. आज मिळाली तर स्वारी उजाडल्यापासून शीळ घालत मोटारसायकल पुसत होती.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतांत हळद शिजत होती. त्या वाफेचा ओला, मातकट वास शिरड शहापूरपर्यंत सोबत आला. सिद्धेश्वरचं धरण आणि पुढची घळ बघायला निघालेले दोघं तिथं चहाला थांबले तेव्हा विजयकुमारनं विषय काढलाच.

"आज एक काम करायचं. मला नावानं हाक मारायची. एकदाच. घळीत कोण ऐकून राहिलंय?"

"बघू," पुनम म्हणाली आणि कपात बघत बसली.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. शाळेतल्या तिच्या बरोबरीच्या सगळ्या जणी नवऱ्याला नावानं, वर अरे-तुरे करून बोलायच्या. सासूबाईंचीही काही हरकत नव्हती. अडचण होती ती पुनमच्याच जिभेची. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिची आई सांगायची. पुनम वर्गात अंधश्रद्धेवर तास घ्यायची आणि घरी येऊन 'अहो, जेवायला चला' म्हणायची. या माणसावर तिचा फार जीव होता. आपल्या एका शब्दानं याला काही झालं तर, ही भीती इतकी बावळट होती की कुणाला सांगायचीही सोय नव्हती. तो चिडवायचा, ती हसून टाळायची, आणि दिवस जायचे.

सिद्धेश्वरच्या धरणावर त्यांनी पाणी पाहिलं, वाळत घातलेली जाळी पाहिली, विजयकुमारनं ढीगभर फोटो काढले. मग माळावरच्या कच्च्या वाटेनं ते घळीकडं निघाले. पूर्णा नदीकडं धावणाऱ्या ओढ्यांनी तिथला माळ पार कापून काढला आहे. लांबून सपाट रान दिसतं, आणि अगदी कडेला गेल्यावर पायाखाली जमीनच नाही असं कळतं. खाली काळा पाषाण, वर पिवळट मुरूम, आणि मधून वळणं घेत जाणारी अरुंद वाट. कारखान्यातल्या कुणीतरी विजयकुमारला ही जागा सांगितली होती.

कडेच्या लिंबाखाली गाडी लावली. तिथं एक म्हातारी शेळ्या राखत बसली होती. शकुबाई, असं तिनंच नाव सांगितलं. बोलता बोलता ती उठली, कडेला गेली आणि हात तोंडाशी धरून खणखणीत आवाजात ओरडली, "ओ माणिकराव!"

"ओ!" खालून उत्तर आलं, आणि थोड्या वेळानं एक म्हातारा पाठीवर पाल्याचा भारा घेऊन वर आला.

"तुमचे कोण?" पुनमनं विचारलं.

"मालक हायत."

विजयकुमारनं पुनमला कोपरानं ढोसलं. "बघ. आजीला जमतं."

शकुबाई लाजली नाही, हसलीही नाही. "घरी न्हाई घेत म्या नाव. हितं घ्यावं लागतं."

"काहून?" पुनमनं विचारलं.

शकुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. माणिकराव भारा बांधण्यात गुंग झाले. "असंच हाय," ती म्हणाली, आणि एका शेळीमागं निघून गेली.

घळीत उतरल्यावर ऊन वरच राहिलं. खाली गारवा होता, आणि वटवाघळांचा उग्र वास. ओढ्याला धार नव्हती, पण जागोजागी शेवाळलेलं पाणी साचलेलं होतं. विजयकुमार पुढं चालत होता. एका ठिकाणी कपारीला धरून चढताना बाभळीच्या काट्यानं त्याचा उजवा अंगठा चांगलाच फाटला. पुनमनं बाटलीतल्या पाण्यानं धुतला आणि आपली दस्ती करकचून बांधली. पांढरा रुमाल बघता बघता लाल झाला.

"परत जाऊ," ती म्हणाली.

"काट्याला भिऊन? शाळेत हसतील तुला."

एका मोठ्या दगडावर बसून त्यांनी डबा खाल्ला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी. खाऊन झाल्यावर विजयकुमार उठला, पँट झटकली आणि समोरच्या वळणाकडं बोट केलं. वळणाच्या तोंडाशी आडवं डबकं पसरलं होतं.

"मी त्या तिकडं जाऊन लपून राहतो. नावानं हाक मारलीस तर येईन. 'अहो' म्हणलीस तर येणार न्हाई. सांगून ठेवतो."

"काहीतरीच तुमचं. अंगठा दुखत असंल."

"पुनम, सहा वर्षं झाली गं," तो हसत म्हणाला, पण हसण्याखाली काहीतरी खरं होतं, आणि ते तिला लागलं. तो बुटांसकट डबक्यातून छपछप करत गेला आणि वळणाआड झाला.

ती बसून राहिली. ओठांवर नाव आणून बघितलं. नुसतं 'वि' आलं, पुढचं तिनं गिळून टाकलं. डबक्यातलं पाणी स्थिर झालं. वर आभाळाची निळी पट्टी होती, तीत एकही पाखरू नव्हतं. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. मग एकदम वाटलं की वळणापलीकडं कुणीच नाही.

"अहो!"

ती थबकली. समोर उभा पाषाण, मागं उभा पाषाण, मधे अरुंद घळ. इथं प्रतिध्वनी यायलाच हवा होता. ती मुलांना हेच तर शिकवायची. आवाज गेला तो गेलाच.

"अहो! ऐकून राहिले का? पुरे झालं आता!"

या वेळी आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. शेवटाला चिरकला.

"ओ," उत्तर आलं.

वळणाकडून नाही. डाव्या हाताच्या फटीतून विजयकुमार बाहेर आला. दोन्ही हात जॅकेटच्या खिशात.

तिला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं. मग राग आला. "न्हाई येणार म्हणले होते ना?"

"हाक मारलीस ना," तो म्हणाला. "आलो."

तो पुढं चालू लागला आणि ती मागं. वाटेत त्यानं एकही फोटो काढला नाही. चिडवलंही नाही. हरलीस म्हणून तो दिवसभर पिडणार, अशी तिची खात्री होती. चालता चालता तिचं लक्ष त्याच्या बुटांकडं गेलं. कोरडे होते. ती फट वरच्या अंगानं जात असेल, तिथल्या उन्हात वाळले असतील, असं तिनं स्वतःला समजावलं. विज्ञानाच्या बाईला समजावणं सोपं असतं.

"अंगठा कसा हाय?"

"बरा हाय."

"दस्ती?"

"खिशात हाय."

वर आले तेव्हा ऊन कलंडलं होतं. शकुबाई आणि माणिकराव शेळ्या वळवत होते. विजयकुमारकडं पाहून शेळ्या एका बाजूला सरकल्या आणि दाटीनं उभ्या राहिल्या. तो सरळ गाडीकडं गेला. शकुबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि पुनमच्या अगदी जवळ आली.

"बाई, नाव घेतलं व्हतं ना?"

पुनमनं मान हलवली. नाही.

म्हातारीनं तिच्या दंडाला हात लावला, काढून घेतला. "चला हो माणिकराव, चला," ती घाईनं म्हणाली, आणि दोघं मागं न बघता माळानं निघाली.

विजयकुमार गाडीवर बसला होता. पुनम त्याच्या मागं जाऊन बसली. तिनं रोजच्यासारखा खांद्यावर हात ठेवला. खांदा गार होता.

त्यानं खिशातून हात काढले आणि हँडलवर ठेवले.

उजवा अंगठा धड होता. ओरखडासुद्धा नाही.

ती गाडीवरून कशी उतरली ते तिला कळलं नाही. घळीच्या कडेला गुडघ्यांवर बसलेली होती एवढं खरं. आईचं सांगणं, सहा वर्षांचा संकोच, सगळं एका क्षणात गळून पडलं. तिनं पोटातून हाक मारली.

"विजय!"

खालून, फार लांबून, दमलेला, आनंदानं फुटलेला आवाज आला. "ओ!"

"विजय!"

"अगं घेतलंस की नाव! कवापासून वाट बघून राहिलो! थांब तिथंच, आलो!"

दगड घरंगळले. पाण्यात पाय पडल्याची छपछप आली. तो येत होता. पुनम रडत होती, हसत होती, कडेच्या गवताला घट्ट धरून पुन्हा पुन्हा नाव घेत होती, आणि आवाज दर वेळी जवळ येत होता. दस्ती बांधलेला हात खालच्या वळणाशी कातळावर टेकलेला तिला दिसला. पांढऱ्यावर लाल डाग.

मागं गाडीवरचा माणूस हलला नव्हता.

"पुनम," त्यानं शांतपणे विचारलं, "कुणाला हाक मारून राहिलीस?"

खालची छपछप थांबली.

"पुनम," खालून विजय म्हणाला, "कोण हाय गं वर तुझ्यासंग?"

ती उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच घळीच्या दुसऱ्या टोकाकडून, पूर्णेच्या अंगानं, तिचाच आवाज आला. दुपारचा. तेव्हा परत न आलेला. तसाच शेवटाला चिरकणारा.

"अहो!"

कातळावरचा हात उचलला गेला. सहा वर्षं तो हीच हाक ऐकत आला होता.

"न्हाई, विजय, मी हितं हाय! वर बघा!" ती ओरडायला गेली. ओठ हलले. आवाज निघाला नाही.

"अहो! ऐकून राहिले का?"

खाली दगड घरंगळले. छपछप सुरू झाली, आणि लांब लांब जाऊ लागली.

"ओ," विजय त्या आवाजाला म्हणाला.

"ओ," तिच्या पाठीशी कुणीतरी म्हणालं, अगदी जवळून.