बेंबळीची दोन तिकिटं

बेंबळीची गाडी धुरळा उडवत निघून गेली, आणि बेंबळीचं तिकीट हातात धरून चारुशीला धाराशिवच्या स्टँडवर उभीच राहिली. शेजारी एक चष्मेवाला तरुण उभा होता. त्याच्याही हातात बेंबळीचंच तिकीट!

"गाडी गेली की," ती म्हणाली.

"गेली. पण तु... तु... तुम्ही का नाही बसलात?"

तिनं चमकून पाहिलं. जायचं होतं तिला तुळजापूरला, घरी. पण तिकिटाच्या खिडकीशी तो शब्द जिभेवर अडला, मागचे लोक कुरकुरले, आतला बाबू खेकसला, आणि तिच्या तोंडून बाहेर पडलं ते बेंबळी. कारण ते निघतं!

"मला तर ते... तेरला जायचं होतं," तो लाजत म्हणाला.

दोघंही असे खळखळून हसले की शेंगावाला बघतच राहिला. आपल्या अडखळण्यावर चारुशीला आयुष्यात पहिल्यांदाच हसली होती.

तो मार्तंड, तहसिलीत कारकून. दुसरी गाडी येईपर्यंत त्यानं सांगितलं, की दर रविवारी नारायणराव मास्तरांच्या ओसरीवर सात-आठ अडखळणारी माणसं जमतात. मास्तरही त्यांच्यातलेच.

"औषध देतात?"

"छे! नुसतं बो... बोलायचं. नियम एकच. दुसऱ्याचा शब्द कुणी पुरा करायचा नाही."

चारुशीला शिकायला धाराशिवात मावशीकडं राहत होती. मावशीला घेऊन ती ओसरीवर गेली, आणि पहिले तीन रविवार गप्प बसली. उमरग्याचा धिप्पाड ट्रकवाला रेवणसिद्ध आपल्या बायकोचं नाव घ्यायला किती वेळ झगडला! कुणी हसलं नाही, कुणी नजर चुकवली नाही. नाव निघालं तेव्हा गड्याचे डोळे भरून आले. चारुशीलाचेही.

चौथ्या रविवारी ती बोलली. "मी हवं ते बोलतच नाही. ज... जमतं ते बोलते. नको असलं तरी हो म्हणते. 'नको' अडतं ना..."

"मग तुला हवंय काय, ते तुला तरी ठाऊक आहे का, बाळ?" मास्तरांनी विचारलं.

खरंच, तिला ठाऊक नव्हतं. तिनं स्वतःला कधी विचारलंच नव्हतं! आणि नेमकी तेव्हाच तिची नजर मार्तंडकडं का वळावी?

निघताना पायरीवर मावशी दोन पावलं पुढं होती. मार्तंड हळूच म्हणाला, "म्हणजे मी ल... लग्नाचं विचारलं, तरी होच म्हणाल?"

चारुशीलाचे कान लाल झाले. "ते... ते 'हो' खरं असेल," ती म्हणाली, आणि पळालीच.

पुढच्याच आठवड्यात तुळजापूरहून तिचे वडील, दत्तोपंत, आनंदात आले. "उमरग्याचं स्थळ जमलं! बैठकीत तू नुसती मान हलव. नाव मी सांगतो. म्हण हो!"

'हो' अगदी ओठांवर होतं. किती सोपं! पण आज ते निघालं, तर जन्म गेला.

"न... न..."

"नवी साडी ना? घेऊ की!"

"अप्पा, थ... थांबा. माझा शब्द म... मला पुरा करू द्या."

दत्तोपंत मटकन खाली बसले.

"न... नको मला. मला म... म..." मावशीच्या हातातलं सूप थांबलं. चारुशीलानं डोळे मिटले नाहीत, सोपा शब्द शोधला नाही. "म... मार्तंड हवेत."

निघाला! सगळं अंग कसं हलकं झालं तिचं.

दत्तोपंत भरल्या आवाजात म्हणाले, "तुझं बोलणं पुरं व्हायला एवढाच वेळ लागतो? मी कधी थांबलोच नाही गं, पोरी."

"पण दाजी, तहसिलीत कारकून आहे तो, आणि तोही अडखळतो बरं का," मावशीनं आधीच सांगून टाकलं.

"अरे देवा! मग घरात बोलणार कोण?"

"आम्हीच, अप्पा," डोळे पुसत चारुशीला हसली. "स... सावकाश."