दगडाखालचा कोळसा

"मास्तर, माझी जमीन कोणत्या कोर्टात येते, तेवढं शोधून द्या," शिवणकाम करणारी बाई म्हणाली.

जावईबापूंना हसू आलं. त्यांचे सासरे, म्हणजे हे मास्तर, खासगी तपास करायचे. चोर, हरवलेली माणसं, पळालेले भागीदार, सगळं शोधून झालं होतं. कोर्ट शोधायला आजवर कोणी आलं नव्हतं. पण बाईची हकिगत ऐकता ऐकता त्यांचं हसू मावळलं.

वडिलांनी दिलेली तिची जमीन शेजारच्या वीटभट्टीवाल्यानं बळकावली होती. लांबच्या कोर्टात ती खटला जिंकली. अपिलात भट्टीवाल्यानं फेरमोजणी मागितली, आणि दोन कोर्टांमधल्या हद्दीच्या दगडाप्रमाणे जमीन जवळच्या कोर्टाच्या भागात निघाली. लांबच्या कोर्टाला अधिकारच नव्हता म्हणून निकाल रद्द झाला. जवळचं कोर्ट म्हणालं, आमच्या नकाशात ही जमीन नाही. तिची गत इकडे आड, तिकडे विहीर अशी झाली. भट्टीवाला मात्र रोज तिथली माती खणून विटा पाडत होता.

"न्याय मिळेल तेव्हा हातात खड्डा येईल," बाई म्हणाली.

जागेवर हद्दीचे दगड ओळीनं उभे होते. बाकीचे कललेले, बाईच्या जमिनीजवळचा एकटा ताठ. बुडाशी विटांच्या कपच्या ठोकून बसवल्या होत्या.

"विटा आल्या म्हणजे भट्टीवाला आलाच," जावईबापू म्हणाले.

"जावईबापू, तुमच्या हाती न्याय असता तर अर्धं गाव आत असतं," मास्तर म्हणाले.

भट्टीवाल्यानं आढेवेढे घेतले नाहीत. "दगड मी हलवला असता, तर पहिल्याच तारखेला कोर्टाला दाखवला नसता? हरलो, तेव्हा वकिलानं मोजणी मागितली. नवल मलाही वाटलं."

दगड रोवणारा म्हातारा मोजणीदार अंगणात ऊन खात होता. "खाली टोपलीभर कोळसा पुरलाय मी," तो आपणहून म्हणाला. "कोळसा कुजत नाही. दगड हलला तरी तो जागा सोडत नाही."

मास्तरांनी खणून पाहिलं. दगडाखाली कोळसा नव्हता. तो सापडला जमिनीच्या पलीकडच्या टोकाला, जिथं भट्टीवाल्याची कुदळ अजून पोचली नव्हती. त्यांनी माती पुन्हा सारखी केली.

शेवटी ते बाईच्या घरी गेले. तिचा नवरा जन्मभर गवंडीकाम करून खटला चालू असताना खाटेला लागला होता.

"लांबच्या कोर्टाला बसनं जावं लागतं," तो म्हणाला. "हिला बस लागते. तारखेहून आली की दोन दिवस उठत नाही. खटला घालण्याआधीच मी वकिलाला म्हणालो होतो, जवळच्या कोर्टात घाला. त्यानं जुना नकाशा पुढे केला."

बोलता बोलता त्यानं वाकून डुगडुगत्या स्टुलाखाली एक कपची सरकवली. स्टूल हलायचं थांबलं. मास्तर बराच वेळ त्या कपचीकडे बघत राहिले.

"बाई, तुमची जमीन लांबच्याच कोर्टाची," ते म्हणाले. "दगड हलवलाय. भट्टीवाल्यानं हलवला असता तर हरेपर्यंत गप्प बसला नसता. मोजणीदारानं हलवला असता तर आम्हाला कोळशाचं सांगितलं नसतं. हलवणाऱ्याला कोळसा ठाऊक नव्हता, पण दगड ओळंब्यात कसा उभा करायचा आणि कपच्या कशा ठोकायच्या, ते ठाऊक होतं. आणि जमीन जवळच्या कोर्टात जावी, असं त्याला मनापासून वाटत होतं."

बाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"तुझे हाल वाचतील वाटलं," तो म्हणाला. "वकिलानं तरीही लांबच खटला घातला. मग सांगायची हिंमत झाली नाही. तू जिंकलीस तेव्हा वाटलं, सुटलो."

"कोळसा दाखवला तर निकाल परत मिळेल?" बाईनं विचारलं.

"मिळेलही. पण दगड कोणी हलवला, हे ते विचारतील. मला खोटं बोलता येणार नाही, आणि यांना तुरुंग चुकणार नाही."

जावईबापूंना तिथून उठून जावंसं वाटलं. इतका खरा तपास आणि इतका निरुपयोगी त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"भट्टीची कुदळ कोळशापर्यंत कधी पोचेल?" बाईनं विचारलं.

"पावसाळ्याच्या आत."

ती उठली. तिनं नवऱ्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"पोचू दे," ती म्हणाली.