तुळईवरची शेपटं

१९६१ साल. नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार, म्हणजे हरणांच्या हंगामाचा अखेरचा दिवस. अमेरिकेतल्या आमच्या मेन राज्यात रविवारी शिकारीला बंदी, त्यामुळे ज्याला जे काही साधायचं ते त्या दिवशी अंधार पडायच्या आत.

गावातली हरणांची नोंद आमच्या दुकानात होई. ज्याने जनावर मारलं त्याने स्वतःच ते घेऊन यायचं, असा नियम. मी त्याचा परवाना बघायची आणि जनावराच्या पायात पत्र्याची पट्टी अडकवायची. बाहेर पडवीत मोठा वजनकाटा टांगलेला होता. कायद्याला वजन नको असे, ती बाप्यांची हौस. पोट साफ केलेल्या जनावराचंच वजन धरायचं, आतडी जंगलातच टाकून यायची. हूक रिकामा झाला की सुई टणकन जागेवर येई. तो आवाज मला अजून आवडतो.

दुकानातल्या तुळईवर शेपटं लटकत. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचा मागचा भाग सगळ्यांसमोर कापायचा आणि खिळ्याने तुळईवर ठोकायचा. त्यालाच आम्ही शेपूट म्हणायचो. पुढे कधी त्याने शिकार साधली, की त्याने स्वतःच्या हाताने आपली शेपटं उतरवायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

त्या सकाळी हार्लन, माझ्या नवऱ्याचा थोरला भाऊ, कॉफी पिऊन पडवीत गेला आणि काट्याच्या हुकाला लोंबकळला. दरवर्षीची थट्टा होती ती. माणूस धिप्पाड. सुई जिथे थांबली तिथे मी माझ्या लाल नेलपॉलिशने ठिपका दिला. मर्ल, माझा नवरा, दारात उभा राहून बघत होता.

"हे वजन खरं नव्हे," तो म्हणाला. "आतडी काढून किती भरतोस ते सांग."

"ये की मग धाकट्या, काढ," हार्लन म्हणाला, आणि सगळे हसले.

दोघे भाऊ दुपारी परतले ते रिकाम्या हाताने. ओढ्याजवळ मोठा नर मर्लच्या अगदी समोर उभा होता म्हणे, आणि गोळी गेली भलतीकडे. हार्लनने ते इतकं रंगवून सांगितलं, की चुलीभोवतीची माणसं डोळे पुसत होती. मग त्याने मर्लला पाठमोरा उभा केला आणि चाकू काढला. निळ्या चौकटींचा शर्ट मी शिवलेला होता. कोपऱ्यात माझं रफू होतं. निळा दोरा संपला म्हणून तपकिरी दोऱ्याने केलेलं. नेमका तोच कोपरा कापला गेला.

मर्ल हसला नाही. शर्ट पँटमध्ये खोचत एवढंच म्हणाला, "अजून उजेड आहे." तो निघाला तसा हार्लनही बंदूक उचलून त्याच्या मागे गेला. चुलीवर काकवीतला घेवडा शिजत होता. मी मर्लचं ताट झाकून ठेवलं.

सूर्य मावळला. शिकारीचे कायदे सांभाळणारे वॉर्डन पेल्टिए कॉफी घ्यायला आत आले होते. खिडकीतून बाहेरचं काही दिसेनासं झालं, तेव्हा ओढ्याच्या बाजूने एक बार ऐकू आला. पेल्टिएंनी कप खाली ठेवला. "हा महाग पडणार कुणाला तरी," ते म्हणाले.

हार्लन एकटाच आला. ओढ्यापाशी आम्ही वेगळे झालो, असं त्याने सांगितलं. पेल्टिएंनी त्याच्या बंदुकीची नळी हुंगली, हात लावून पाहिली. ती थंड होती.

बर्फ पडून जंगल बंद होईस्तोवर गावाने मर्लला शोधलं. टोपी, बंदूक, बूट, काहीही सापडलं नाही.

पुढच्या वर्षी मी शेपटांकडे बघायचं टाळत होते. हंगामाचा शेवटचा शनिवार आला, दिवस मावळला, आणि ओढ्याकडून एकच बार झाला. कुणीतरी परगावचा असेल, असं दुकानात ठरलं.

रविवारी सकाळी चूल पेटवायला मी खाली आले. मर्लच्या शेपटाशेजारी दुसरं शेपूट ठोकलेलं होतं. निळ्या चौकटींचं. कोपऱ्यात तपकिरी दोऱ्याचं रफू.

मी स्टुलावर चढून दोन्ही तुकडे पाहिले. पहिला धुरकटला होता, दुसऱ्याची कड ताजी होती. टाके माझेच होते. शेवटची गाठ मी दुहेरी मारते, तीही होती. एका शर्टाला तो कोपरा एकच.

मी पेल्टिएंना बोलावलं. त्यांनी कुलूप तपासलं, खिडक्या तपासल्या, आणि कुलूप बदलून घ्या म्हणाले. मी बदललं. त्याने काही फरक पडला नाही. दरवर्षी शनिवारी बार व्हायचा आणि रविवारी नवं शेपूट असायचं. पहिली काही वर्षं पेल्टिए ओढ्यावर जाऊन बसत. तिथून त्यांना बार कधी ऐकू आला नाही.

हार्लनने त्यानंतर बंदूक धरली नाही. हंगामात तो घराबाहेरही पडत नसे. फक्त त्या रविवारी चर्चच्या आधी यायचा, मान वर करून तुळईकडे बघायचा, नवं शेपूट दिसलं की म्हणायचा, "चुकला." मग खिडकीकडे तोंड करून बसायचा आणि कॉफी मागायचा.

एकदा मी विचारलं, "कुणावर बार टाकतो तो, हार्लन?"

"हरणावर. आणखी कुणावर?"

"इतकी वर्षं?"

त्याने कप फिरवला. "डेला," तो म्हणाला, "ते शेपूट दिसेपर्यंत मला झोप लागत नाही. तुला लागते?"

मला लागायची. शेपूट आलं म्हणजे मर्ल कुठेतरी आहे, एवढं मला पुरत असे. ज्याने मारलं त्यानेच यायचं, हा नियम मी मनाशी धरून होते. नेम लागला तर त्याला माझ्याच दारात यावं लागणार होतं. म्हणून मी दुकान विकलं नाही. दारातला पेट्रोल पंप बंद झाला, शिकाऱ्यांचे लाल कोट जाऊन नारिंगी आले, नोंद शहराकडच्या मोठ्या दुकानात गेली. काटा मात्र मी काढू दिला नाही, हार्लनच्या वजनाचा लाल ठिपकाही त्यावर तसाच होता.

पेल्टिए निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. त्या दिवशी चुलीभोवती हसलेल्या माणसांपैकी आता कुणी उरलं नाही. हार्लन थकला तरी खांद्याने तसाच रुंद राहिला. मी दुकानाच्या माडीवर एकटी राहते, जिना जपून उतरते.

गेल्या नोव्हेंबरात शेवटच्या शनिवारी दिवस मावळला आणि बार झाला. नेहमीसारखाच. मी दिवा मालवून झोपले.

रविवारी खाली आले. तुळईवर नवं शेपूट नव्हतं.

जुनीही नव्हती. मर्लचे खिळे तेवढे ओळीने उभे होते. बाकीच्यांच्या शेपटांना कुणी हात लावला नव्हता.

मी दोन कप कॉफी केली. चर्चची घंटा झाली. हार्लनचा कप गार झाला.

मग मी नव्या वॉर्डन बाईंना फोन केला. त्या त्याच्या घरी जाऊन आल्या. चुलीत निखारे होते, कोट खुंटीला होता, मागचं दार उघडं होतं. बर्फात पावलं नव्हती. अजूनही शोधताहेत त्याला.

त्या गेल्यावर मी शाल घेऊन पडवीत गेले. वारा नव्हता. हूक रिकामा होता आणि सावकाश हलत होता.

सुई जागेवर आली नव्हती. माझ्या लाल ठिपक्याच्या थोडी अलीकडे थांबली होती.